रफीकचा पाहुणा

रफीक, तू गेलास म्हणून आपला वाद मिटला असं समजू नकोस. गेलेल्या माणसाशी भांडू नये असं लोक म्हणतात. पण जिवंतपणी तू मला कधी पुरतं बोलू दिलं नाहीस, तेव्हा आता ऐकून घ्यायची पाळी तुझी आहे. तुझा चाळिसावा होऊन गेला. त्यानंतर जे घडलं ते तुला सांगायला अख्ख्या उमापुरात माझ्याइतका लायक माणूस दुसरा नाही. ते सांगणार आहेच, पण आधी माझ्या तक्रारी.

माझं खता-बियाण्याचं दुकान आणि तुझी केबलची कंट्रोल रूम यांच्यामध्ये एकच भिंत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी शटर अर्धं ओढून तुझ्याकडे यायचो. आत तारांचं जंजाळ, तापलेल्या मशिनींचा वास आणि टेबलावर तो मोठा टीव्ही. जगात कुठे कुठे चालणारे रिॲलिटी शो तू इंटरनेटवरून शोधून त्याच्यावर लावायचास. लिहिलेली गोष्ट नाही, पाठ केलेले संवाद नाहीत, नुसती खरी माणसं. त्याचं तुला वेड होतं. हिंदी डबिंग असलं तर ठीक, नसलं तर तू स्वतःच अर्थ सांगायचास. मला दाट संशय आहे की तुझ्या त्या भाषांतरात निम्म्या जगाची माणसं एकमेकांचे मेहुणे झाली.

त्या इंग्रजांच्या तंबूतला केकचा कार्यक्रम आठवतो? एकाचा केक बसला, तर दुसरा स्पर्धक धावत येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. मी म्हणालो, "हे भांडत कावून न्हाईत बे? मग स्पर्धा कशाची?" तू मला गप्प बसवलंस. जपानमधल्या त्या कार्यक्रमात एवढंसं लेकरू पहिल्यांदा एकटं दुकानात निघालं आणि रस्त्यात पिशवी सांडली, तेव्हा तुझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी म्हणालो, "आपल्याकडची लेकरं रोजच दूध आणाय जातेत, त्यांच्यासाठी कवा रडलास?" तू डोळे पुसत म्हणालास, "त्यांच्या मागं क्यामेरा कुठं हाय?" यावर मी चहा सांगितला.

कुठल्याशा थंड देशात तर आगगाडीच्या तोंडाला कॅमेरा लावून दिला होता. गाडी चालली आहे, चालली आहे, आणि तिथली माणसं घरोघर ते बघत बसली आहेत. मी तुझ्या खुर्चीत झोपलो, उठलो, गिऱ्हाईकाला फवारणीचं औषध देऊन परत आलो, तरी गाडी बोगद्यातच. तू मात्र हनुवटीला हात लावून बसलेला. पुढच्याच आठवड्यात गेवराई-उमापूर एसटीच्या पुढच्या काचेला कॅमेरा बांधून तू तो प्रवास आपल्या गावच्या चॅनलवर जसाच्या तसा दाखवलास. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, ड्रायव्हरनं त्यांना ज्या शिव्या दिल्या त्याही घरोघर पोचल्या. दुसऱ्या दिवशी म्हशींचा मालक कंट्रोल रूमवर आला. मला वाटलं आता मारामारी होणार. तो म्हणाला, "आमच्या म्हशी परत एकदा दाखवा ना."

अनोळखी बाई आणि अनोळखी गडी थेट मांडवातच एकमेकांचं तोंड बघतात, असाही एक कार्यक्रम होता. सगळं जग त्याकडे डोळे फाडून बघत होतं. तू मात्र ढिम्म. "ह्यात नवीन काय हाय? ह्ये तर माझं आन् शमीमचं लगीन हाय," म्हणालास. मला आवडायचा तो बेटावरचा कार्यक्रम. उपाशी माणसं, नारळावरून भांडणं आणि दर आठवड्याला मतदान करून एकाला घरी पाठवायचं. मी खुर्ची पुढे ओढून बघायचो. तुला ते सहन व्हायचं नाही. कुणाचं तरी नाव निघायची वेळ आली की तू उठून उगीचच एखादी तार हलवायचास.

आपला खरा वाद तिथला. माझं म्हणणं साधं होतं आणि आजही आहे: कुणीतरी हरलं पाहिजे, कुणीतरी घरी गेलं पाहिजे, नाहीतर लोक बघणार कशाला? तू म्हणायचास की माणसं दुसऱ्याला हरताना बघायला बसत नाहीत, ती स्वतःला शोधायला बसतात. हे तू एवढ्या गंभीरपणे म्हणायचास की मला तुझा राग यायचा.

आणि मग तो दिवस. तू सकाळपासून खांबावर चढून तुटलेल्या नव्हे, तोडलेल्या तारा गुंडाळत होतास. प्रत्येकाच्या हातात फोन आला होता. एका घरात पाच माणसं पाच पडद्यांकडे बघत बसायची आणि कनेक्शन काढून टाका म्हणून तुला निरोप यायचे. गावचं चॅनल लग्नाच्या व्हिडिओंवर आणि बोअरवेलच्या जाहिरातींवर कसंबसं तग धरून होतं. तारेचं भेंडोळं खाली टाकून तू माझ्या दुकानाच्या पायरीवर बसलास.

"दत्ता, बंद तर करायचंच हाय," तू म्हणालास. "पण त्याच्या आधी एकदा, एकाच येळेला, समद्या गावानं माझं चॅनल लावलं पायजे. एकदाच. मग खुशाल कुलूप."

"कावून लावतील बे?"

"त्येच शोधतो ना."

चार-आठ दिवस गेले. मग एका दुपारी शटर वाजवत आलास. "इंग्रजाला केक येतो, त्यानं केकचा कार्यक्रम केला. जपान्याची लेकरं गुणी, त्यानं लेकरांचा केला. आपल्या गावाला काय येतं?"

"भांडता येतं."

"त्ये समद्या जगाला येतं. आपल्याला पाहुणा संभाळता येतो!"

अशी तुझ्या 'पाहुणा आला' या कार्यक्रमाची सुरुवात झाली. ज्या घरांनी नावं दिली त्यांपैकी कोणाच्याही दारात, कोणत्याही दिवशी, न सांगता पाहुणा जाणार. मागे कॅमेरा घेऊन तू. जे होईल ते त्याच वेळी गावात दिसणार. पाहुणा शेवटी दहापैकी मार्क देणार. इथवर मला पटलं होतं. पण पाहुणा म्हणून तू माझं नाव घेतलंस तेव्हा मी तुला दुकानाबाहेर काढलं.

तू बाहेरूनच ओरडून कारण सांगितलंस. "रोज गेवराईहून डबा घेऊन येतो तू. इतकी वरसं दुकान हाय, ह्या गावात कुणाच्या घरी कपभर चहा न्हाई पिला. आन् तुला जगात कायबी आवडत न्हाई. तुझ्यावानी परीक्षक कुठं भेटंल?" बाजारातली माणसं थांबून ऐकत होती. त्यांच्यापैकी एकानंही तुझं म्हणणं खोडून काढलं नाही.

पहिल्या दिवशी तू मला कदमांच्या कमलवहिनींच्या दारात उभं केलंस. वहिनींनी दार उघडलं, मला पाहिलं, तुझा कॅमेरा पाहिला आणि पदर सावरून म्हणाल्या, "या दत्ताभाऊ, आत्ताच तुमचं नाव काढलं होतं." साफ खोटं. बाजेवर निळ्या मोरांची कोरी चादर अंथरली, पाणी आलं, सोनेरी काठाच्या कपात चहा आला. मी चहात खोट काढली, चादरीत काढली, आणि सात मार्क दिले. कमलवहिनींनी दहा मिळाल्यासारखं तोंड केलं.

दुसरं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी बाजेवर बसलो आणि खाली बघितलं तर निळे मोर. चहा आला तो सोनेरी काठाच्या कपात. तिसऱ्या घरी तेच मोर, तेच कप. चौथ्या घरी मला राहवलं नाही. मी थेट कॅमेऱ्याकडे बघून म्हणालो, "रफीक, ही चादर माझ्या मागं मागं फिरती का काय?" त्यासरशी आजूबाजूच्या घरांतून जो हशा फुटला तो मला आतमध्ये ऐकू आला.

झालं होतं असं की पाहुणा पुढच्या दारातून आत शिरला की मागच्या दारातून बाई बाहेर पडायची. चादर कमलवहिनींची, दूध सुमनकाकूंच्या म्हशीचं, फरसाण आणखी कुणाचं. टीव्हीवर मी दिसलो की कमलवहिनी चादरीची घडी घालून दारात तयारच असायच्या. ज्या घरांची एकमेकांशी स्पर्धा, तीच घरं एकमेकांना सजवत होती. मी तुला म्हणालो, ही लबाडी आहे, नियम कर. तू पोट धरून हसत होतास. "कसला नियम बे? पाहुणा एका घराचा असतो का?"

मी हट्टाला पेटलो. एक तरी घर बाद कर, नाहीतर मी पाहुणा म्हणून पाऊल टाकणार नाही, असं सांगितलं. तू फार नाखुशीनं तयार झालास. सगळ्यात कमी मार्क सुमनकाकूंचे होते, कारण त्यांच्या चहात साखर फार आणि बोलणं त्याहून फार. तू चॅनलवर त्यांचं घर बाद झाल्याचं जाहीर केलंस आणि कधी नव्हे ते तुझा आवाज पडला. मी मात्र खूश होतो. म्हटलं, आता कुठे याला स्पर्धा म्हणता येईल.

पुढचा भाग मी विसरणं शक्य नाही. मी बाजेवर बसलो. मोर होते, कप होते, चहा येईना. आतून कुजबुज. पुढचं दार, मागचं दार, नुसती पळापळ. शेवटी यजमानबाई रडवेल्या तोंडानं काळा चहा घेऊन आल्या. गावात दूध एकाच ठिकाणी मागायची सवय, आणि सुमनकाकूंनी दूध दिलं नव्हतं. तू कॅमेरा तसाच चालू ठेवून मला घेऊन त्यांच्या घरी गेलास. मला वाटलं, रुसल्या असतील. कसलं काय! काकू ओट्यावर दुधाची चरवी मांडीशी घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचा जीव नुसता वरखाली होत होता.

"आता मी बाद हाय ना भाऊ," त्या तुला म्हणाल्या. "मग माझं दूध कसं चालंल? तुमचा नियम मोडंल की. म्या तर चरवी भरून ठिवली, पण द्यावी का न द्यावी कळंना झालंय."

रफीक, त्या वेळी तू कॅमेऱ्यामागून माझ्याकडे पाहिलंस, ते पाहणं मी तुला माफ केलेलं नाही.  भांडला असतास तर मला उलट बोलता आलं असतं. तू काकूंना तिथल्या तिथे परत खेळात घेतलंस, दूध गेलं, चहा झाला, मी प्यायलो. आणि त्या दिवसापासून कुणी बाद झालं नाही.

मी हार मानली नाही. रोज संध्याकाळी शटर ओढताना मी तुला सुनवत होतो, की अरे, शेवटच्या भागात विजेता कोण म्हणून सांगणार? सगळ्यांना कप देणार? तूही हटत नव्हतास. आणि अजून सगळं गाव एका वेळी बसलेलं नाही, हेही मी तुला ऐकवत होतो. अर्धं गाव बघतं, अर्धं फोनवर आहे. तिथे मात्र तुझा चेहरा उतरायचा. शेवटच्या संध्याकाळी मी निघालो तेव्हा तू कंट्रोल रूमच्या दारातून म्हणालास, "भांड, भांड. तब्येतीला बरं असतंय." तब्येत माझी चांगली राहिली. दगा तुझ्या काळजानं दिला, आणि तोही झोपेत.

मला त्या सकाळचं फारसं सांगायचं नाही. मी दुकान उघडायला आलो, कंट्रोल रूममागच्या तुझ्या घराच्या दारात चपलांची रास बघितली आणि डबा गाडीला तसाच ठेवून आत आलो. तीन दिवस तुमच्या घरात चूल पेटायची नव्हती. त्या तीन दिवसांत मागच्या दारानं भाकरी आली, वरण आलं, पुलाव आला, लेकरांसाठी दूध आलं. बसायला चादरी आल्या. त्यांत निळे मोरही होते. मी त्यांच्यावर बसलो आणि मला रडू आवरेना. लोकांना वाटलं, दोस्तासाठी रडतोय. दोस्तासाठी तर होतंच. पण ज्या गावात मी इतकी वर्षं डबा घेऊन परक्यासारखा येत-जात राहिलो, त्या गावच्या प्रत्येक घरातलं आता मला कळत होतं: कुणाकडे चहा गोड होतो, कुणाच्या बाजेचा पाय हलतो. हे मला तू दिलंस, आणि मी त्याबद्दल तुझ्याशी एक अक्षर कधी बोललो नाही. भांडणातच वेळ गेला आपला.

चाळिसावा झाला. कंट्रोल रूमला कुलूप होतं. तुझी लेक नाझिया सासरहून आलेली, ती आता तुझी मशिनरी विकायचं बघत होती. एका सकाळी ती माझ्या दुकानात आली. "मामू, दादीनं बोलावलंय."

तुझी अम्मी पलंगावर ताठ बसली होती. शमीमभाभी इद्दतीत, नवऱ्यामागचे ते चार महिने पाळत, म्हणून पडद्याच्या आत. मला पाहताच अम्मी कडाडली, "का रे दत्ता? साऱ्या गावात पाहुणा म्हून फिरला, चहा पिला, मार्क वाटले. आमच्या घरी कवा येणार?"

मी म्हणालो, "अम्मी, आता कसलं ते."

"आता कसलं म्हंजे? माझ्या पोरानं शेवटचा भाग ठेवलाय. त्याच्या यादीत आमचंच घर शेवटी होतं, मला म्हायती न्हाई का?"

पडद्याआडून भाभींचा आवाज आला. "दत्ताभाऊ, मला दिसायचं न्हाई, पण चहा तर मीच करणार. त्यांचं काम अर्धं नका ठेवू."

नाझियानं त्याच दिवशी कुलूप काढलं आणि चॅनलवर पाटी चालवली: शुक्रवारी चहाच्या वेळेला 'पाहुणा आला', शेवटचा भाग, रफीकच्या घरून. रफीक, यापुढचं नीट ऐक. शुक्रवारी सकाळपासून तिचा फोन थांबेना. ज्यांनी तारा तोडल्या होत्या ते परत जोडून मागत होते. कदमांचा थोरला खांबावर चढला, म्हशीवाला शिडी धरून उभा. एकानं अडगळीतला जुना टीव्ही काढून पुसला. नाझिया घरोघर जाऊन तू गुंडाळलेली ती तारेची भेंडोळी सोडत होती. जेवणाच्या वेळेपर्यंत तुझ्या कंट्रोल रूममध्ये हातभरसुद्धा तार शिल्लक नव्हती.

चहाच्या वेळेला मी तुझं दार वाजवलं. धुतलेला सदरा घातला होता. नाझियानं कॅमेरा स्टँडवर लावून दिला आणि ती कंट्रोल रूमला गेली. खोलीत मी आणि अम्मी, आणि पडद्याआड भाभी. तुमचा टीव्ही अम्मीनं बंद करायला लावला होता. पाहुणा असताना टीव्ही चालू ठेवत नाहीत, म्हणाली.

"ये बेटा. आत्ताच तुझं नाव काढलं होतं," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

पाणी आलं. पडद्यातून ट्रे आला, अम्मीनं तो माझ्यापुढे ठेवला. चहात आलं जास्त होतं. हे बोलावं म्हणून मी तोंड उघडलं आणि ठसका लागून खोकलो. खिडक्या उघड्या होत्या. श्वासभर वेळ गेला, आणि शेजारच्या घरात मी खोकलो. मग समोरच्या घरात. मग पलीकडच्या ओळीत.

माझ्या हातात कप तसाच राहिला. मी उठून दारात गेलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पानपट्टी उघडी, पण तिथे कुणी नाही. मशिदीच्या पायऱ्या मोकळ्या, पार मोकळा, पिठाची गिरणी बंद. माणसं सगळी दारांच्या आत.

"बस की रे दत्ता, चहा निवंल," अम्मी मागून म्हणाली, आणि लगेच गावभर, घराघरातून, तुझी अम्मी मला बसायला सांगायला लागली. केबलमधून आवाज जरा उशिरा पोचतो, हे तूच मला शिकवलं होतंस. पण तो असा पोचेल हे तू तरी कधी ऐकलं होतंस?

मी आत येऊन बसलो. अम्मीनं पदर नीट केला आणि मला विचारलं, "मार्क सांग. आन् खरं सांग, घरचा म्हून नको."

पडद्यामागची कपबशी वाजायची थांबली. मी सगळ्या घरांना सगळं तोंडावर सांगत आलो होतो, मला इथेही सांगता आलं असतं की आलं जास्त झालं. मी अम्मीकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं. त्याच्या मागे कुणी नव्हतं.

"रफीक," मी म्हणालो, "जिंकलास बे."

पुन्हा श्वासभर वेळ गेला. मग शेजारून आलं, समोरून आलं, कदमांच्या घरातून, सुमनकाकूंच्या ओट्यावरून, गावाच्या पार टोकापर्यंत, घरामागून घर, माझ्याच आवाजात: जिंकलास बे.